जिभेवरचं विरजण

उज्ज्वला जाऊन आठ महिने झाले होते, आणि त्या सकाळी बेसिनवरचा आरसा म्हणाला, "सुप्रभात, उज्ज्वलाताई."

विलासराव तोडकर जीभ बाहेर काढून उभे होते, ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी मान वळवून मागं बघितलं. मागं खुंटीवर टॉवेल होता. बाकी कुणी नव्हतं.

"जीभ कोरडी दिसते," आरसा पुढं म्हणाला. "पाणी कमी पडतंय, उज्ज्वलाताई."

हे वाक्य तो तिला रोज ऐकवायचा आणि ती रोज त्याला म्हणायची, "तुझ्या बापाचं काय जातंय?"

साठी उलटलेल्या माणसांच्या घरी सरकारी आरोग्य योजनेतून हा आरसा येऊन आता तीन-चार वर्षं झाली होती. मिरजेत सगळे त्याला जीभआरसा म्हणत. सकाळी चूळ भरायच्या आधी त्याच्यासमोर जीभ काढून उभं राहायचं. आरशाच्या कडेतून जांभळा उजेड पडायचा आणि जिभेवर काय काय वसलंय ते त्या उजेडात चमकून दिसायचं. रक्त कमी असलं, पोट बिघडलं, तोंडात काही वाईट सुरू होत असलं, तर त्याची खूण पुष्कळदा जिभेवर आधी उमटते. जुने वैद्य जीभ बघायचे ते काही उगाच नाही. फरक इतकाच, की माणूस आजारी पडल्यावर वैद्य बघायचा. आरसा रोज बघायचा आणि कालची जीभ आजच्या जिभेशेजारी ठेवून बघायचा.

घरातल्या यंत्रांनी चेहऱ्यावरून माणूस ओळखायचा नाही, असा कायदा होता. त्यामुळं समोर कोण उभं आहे हे आरसा जिभेवरूनच ठरवायचा. आणि आजवर तो कधी चुकला नव्हता.

विलासराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. हाडाचे फिटर. गाडीनं आवाज केला की घाबरायचं नाही, आवाज कुठून येतो ते बघायचं, ही त्यांची सवय. ते म्हणाले, "मी विलास आहे."

"नोंद घेतली. सुप्रभात, विलासराव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा उज्ज्वलाताई. त्यांनी काच पुसली. काहीच फरक नाही. मग त्यांनी जीभ डावीकडं वळवून फक्त उजवी कड दाखवली.

"सुप्रभात, विलासराव."

जीभ उजवीकडं वळवून डावी कड दाखवली.

"सुप्रभात, उज्ज्वलाताई."

त्यांनी कपाटातली जुनी बॅटरी काढली, साधा आरसा खिडकीत धरला आणि बघितलं. जिभेच्या डाव्या कडेला, जरा मागं, एक पांढरट डाग होता. अंगठ्याच्या नखाएवढा. भोवती लाल रेघ, नकाशात बेटाला असते तशी. बोटानं पुसून बघितला. निघाला नाही.

कुणाही शहाण्या माणसानं त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. विलासरावांनी ते केलं नाही. त्यांनी चहा केला, घेतला आणि दुपारी परत बेसिनपाशी येऊन डावी कड दाखवली.

"शुभ दुपार, उज्ज्वलाताई. पाणी प्या."

"पितो," विलासराव म्हणाले.

असे बरेच दिवस गेले. आरशावर पिवळा दिवा लागला होता, 'तज्ज्ञांना दाखवून घ्या' असं खाली येत होतं. ते त्याच्याकडं काणाडोळा करत. पण आरसा कितीही गोड बोलला तरी सरकारी होता. एका सकाळी दिवा लाल झाला आणि निरोप नाशिकला मुलीकडं गेला.

फोनवर ऋतुजाचा चेहरा आला तो कपाळाला आठ्या घेऊनच. "बाबा, जीभ दाखवा."

ते वाक्य उज्ज्वलाचं होतं. वर्कशॉपातून घरी आलं की उंबऱ्यातच उज्ज्वला उभी असायची. पिशवी नंतर, चपला नंतर. आधी, "जीभ दाखवा." तंबाखूचा मावा खाल्लेला असला तर आत यायला मिळायचं नाही. पाच वर्षं तिनं उंबऱ्यावर नाकाबंदी केली, तेव्हा मावा सुटला.

"अगं, काही नाही. दही आंबट होतं, त्यानं..."

"दाखवा म्हटलं ना!"

त्यांनी दाखवली. ऋतुजानं फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग म्हणाली, "किती दिवस झाले?"

"झाले थोडे."

"आई असती तर तुम्हाला कानाला धरून नेलं असतं."

"ती आहे म्हणूनच तर नाही गेलो," असं त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ते गिळलं आणि "उद्या जातो" म्हणाले.

*

डॉक्टर श्रुती बेडगे वयानं ऋतुजाएवढीच होती. तिनं आधी नुसत्या डोळ्यांनी बघितलं, मग जांभळ्या उजेडात.

"काका, तंबाखू?"

"मावा. सोडला. सोडवला."

"कुणी?"

"बायकोनं."

"कुठल्या बाजूला धरायचा?"

विलासरावांनी डाव्या गालावर बोट ठेवलं. डॉक्टरनं नुसतं "हं" केलं. ते "हं" त्यांना आवडलं नाही.

मग त्यांनी आरशाची गोष्ट सांगितली. सांगताना त्यांना वाटलं, ही पोरगी आता हसेल. ती हसली नाही. उलट खुर्ची पुढं ओढून बसली.

"काका, हे भारी आहे. ऐका. जीभ आपल्याला गुळगुळीत वाटते, पण ती गालिच्यासारखी असते. त्या गालिच्यात कोट्यवधी जंतू राहतात. बहुतेक आपल्या उपयोगाचे. आता मिरजेत जशी प्रत्येक गल्लीची वस्ती निराळी, तशी प्रत्येक माणसाच्या जिभेवरची वस्ती निराळी. आरसा ती वस्ती ओळखतो."

"पण मग वस्ती माझी आणि नाव तिचं, असं कसं?"

"एका घरात राहणाऱ्या, एका भांड्यातलं खाणाऱ्या माणसांच्या वस्त्या एकमेकांत मिसळतात. नवरा-बायकोच्या तर फारच. पण तरी फरक राहतो. तुमच्या या डागावर जी वस्ती आहे ती तुमची नाही. आरशाकडं काकूंची जुनी नोंद आहे आणि ती या डागाशी तंतोतंत जुळते. त्यांचं नाव काढून टाकलं नव्हतंत ना?"

"राहून गेलं," विलासराव म्हणाले. राहून गेलं नव्हतं. ऋतुजानं दोनदा आठवण करून दिली होती.

"फक्त एक कळत नाही," डॉक्टर म्हणाली. "माणूस गेलं की त्याची वस्ती जोडीदाराच्या जिभेवरून हळूहळू ओसरत जाते. दोन-तीन महिन्यांत संपते. तुमची पण ओसरली असणार, नाहीतर आरसा पहिल्याच महिन्यात गोंधळला असता. मग आठ महिन्यांनी ती परत कुठून आली?"

तिनं तो प्रश्न केसपेपरवर लिहून ठेवला.

"ते असो," डॉक्टर पेन ठेवून म्हणाली. "माझी काळजी वेगळी आहे. दुधावर साय असते ना, तशी ही वस्ती डागावर जाड बसलीय. खालचं काही दिसत नाही. खाली नुसतं खरखरीत कातडं असेल किंवा मावा जिथं धरत होता तिथं काही वाईट सुरू झालं असेल. साय काढल्याशिवाय सांगता येणार नाही."

"काढायची कशी?"

"एक जेल असतं. आम्ही त्याला कोरी पाटी म्हणतो. सगळी जीभ पुसून निघते. थोडीशी वस्ती ठेवून भागत नाही, ती परत पसरते. मग कोऱ्या जिभेवर आम्ही चांगल्या जंतूंचं मिश्रण लावतो. म्हणजे विरजणच समजा."

"म्हणजे ती पुसली जाणार."

डॉक्टरला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिनं टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"काका, ते जंतू आहेत. काकू नाहीत."

"ते मलाही कळतं हो. पण सकाळी तिचं नाव घेणारं दुसरं कोण आहे आमच्या घरात?"

"खाली वाईट काही असलं तर ते थांबायचं नाही."

"विचार करतो."

"चार-आठ दिवस करा. जास्त नको," डॉक्टर म्हणाली, आणि फाटकापर्यंत सोडायला आली.

*

विलासराव घरी चालत निघाले. डोक्यात दोन गोष्टी फिरत होत्या. एक, पुसायचं का नाही. दुसरी, आठ महिन्यांनी ती परत आली कुठून. खरं तर पहिलीचा विचार करायला हवा होता. पण पहिलीचा विचार केला की डोकं थांबायचं आणि दुसरीचा केला की चालायचं. म्हणून ते दुसरीचाच करत राहिले.

जंतू काही हवेतून उडत येऊन नेमके त्याच जागी बसायचे नाहीत. कशातून तरी तोंडात गेले असणार. तोंडात नवीन काय गेलं? डबा लावलाय, तो पहिल्या महिन्यापासून. चहा तोच. गोळ्या त्याच.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांना डॉक्टरचा शब्द आठवला. विरजण. शब्दच असा, की आनंदावर पडलं तर आनंद नासतो आणि दुधात पडलं तर दही होतं. ते जागीच थांबले. मागून येणारा सायकलवाला ओरडला, "ओ आजोबा, रस्त्यात काय समाधी लावली का?"

उज्ज्वलाचं दही आख्ख्या गल्लीत नावाजलेलं. सुरीनं कापावं असं. लग्नात माहेरहून विरजण घेऊन आली होती, ते तिनं कधी मोडू दिलं नाही. ती गेली त्या दिवसांत विरजणाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. भांड्यावर हिरवी बुरशी आली आणि ऋतुजानं ते घासून टाकलं. त्या दिवशी विलासराव तिच्यावर फार चिडले होते आणि का चिडलो ते त्यांनाच सांगता आलं नव्हतं. आणि अलीकडं, महिना-दीड महिन्यापासून, शेजारच्या हुक्केरीवहिनी वाटीभर दही पाठवत होत्या.

ते घरी न जाता तसेच शेजारी गेले. हुक्केरीवहिनी ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. सोवळंओवळं कडक. त्यांच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याचा हातसुद्धा चालायचा नाही.

"बसा की भाऊजी. काय म्हणाली डॉक्टरीण?"

"वहिनी, तुमचं दही कुठल्या विरजणाचं?"

"का? आंबलं व्हय?"

"नाही. चांगलं आहे. कुठल्या विरजणाचं?"

"अहो, उज्ज्वलाच्याच. कधीपासनं तिचंच चालू आहे आमच्यात. मध्ये मी मुलाकडं पुण्याला होते ना सहा महिने, तर सुनेनं तिथं फ्रीजरात ठेवलं होतं. आले आणि परत लावलं. म्हटलं, भाऊजींना तिच्याच हातचं लागेल जरा."

विलासरावांनी कट्ट्याला टेकून बसून घेतलं. मग त्यांनी डागाची, आरशाची, जंतूंच्या वस्तीची सगळी हकिकत सांगितली. वहिनींचे हात शेंगांवर थांबले.

"पण एक समजत नाही," विलासराव म्हणाले. "दह्याचे जंतू वेगळे. हे तिच्या जिभेवरचे. ते दह्यात कसे जातील? तिच्यासारखी उष्ट्याची कडक बाई नव्हती. मी आमटीत डाव घालून चाखली एकदा, तर सगळी आमटी गाईला घातली तिनं. ऋतुजाला उष्ट्या हातानं भाकरीचा डबा उघडू द्यायची नाही."

वहिनींनी एक शेंग सोलली, त्यातला दाणा चुकून टरफलात टाकला आणि टरफल दाण्यांत.

"वहिनी?"

"आता गेलेल्या माणसाचं काय काढायचं..."

"वहिनी, सांगा हो."

वहिनींनी आत बघून घेतलं, बाहेर बघून घेतलं. आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "उष्टा चमचा घालायची ती."

"काय?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय. रोज! आधी कालचं दही चमचाभर खाऊन बघायची, गोड आहे का. बघायची, मान हलवायची, आणि तोच चमचा चाटून परत दह्यात, आणि तिथनं दुधात. मी दारात उभी. मला बघून म्हणाली, हुक्केरीवहिनी, कुणाला बोलाल तर बघा."

"आणि तुम्ही..."

"मी काय?"

"तुम्ही ते विरजण घेतलंत? तुम्ही?"

वहिनींचे कान लाल झाले. "दही असं लागायचं भाऊजी... मी डोळे मिटले आणि शिवाचं नाव घेतलं."

विलासरावांच्या पोटातून हसू यायला लागलं. आवरेना. आठ महिन्यांत ते असे हसले नव्हते. त्या गाईला घातलेल्या आमटीची त्यांना आठवण झाली, आणखी हसू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांना उष्ट्यावरून छळलं आणि इकडं सगळ्या गल्लीला रोज आपलं उष्टं जेवायला घातलं! हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल नवीन काही कळायचं राहिलं असेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं आहे हे त्यांनी तपासलं नाही.

"कुणाकुणाकडं आहे हे विरजण?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"आता काय सांगू? माझ्याकडनं कुंभारांच्यात गेलं, त्यांच्याकडनं मास्तरांच्यात. अर्धी गल्ली समजा."

"सगळ्यांच्या आरशात शिरली असेल ती."

"शिरू दे. कुणाला भ्यायली होती का कधी?" वहिनी म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी विलासराव दह्याची वाटी घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर बेडगेनं एक थेंब काचेवर घेतला, यंत्रात घातला आणि पडद्याकडं बघत राहिली.

"आहेत," ती म्हणाली. "काकूंचे जंतू दह्यात राहायला शिकलेत. इतकी वर्षं रोज चमच्यानं जात राहिले, त्यातले काही टिकले, दह्याच्या जंतूंशी त्यांचं जमलं. आणि तुमच्या जिभेवर ते नेमके तिथंच का धरले, तेही कळलं. बाकी गालिचा तुमच्या लोकांनी भरलेला. डावी कड माव्यानं खरखरीत झालेली, तिथं पाय रोवायला जागा मिळाली."

पाच वर्षं ज्या कोपऱ्यावर उज्ज्वलानं पहारा दिला, त्याच कोपऱ्यात जाऊन बसली होती. हे विलासराव डॉक्टरला बोलले नाहीत. तिला त्यात शास्त्र दिसलं नसतं, आणि त्यांना दाखवायचंही नव्हतं.

"मी हे लिहून पाठवू का कुठं? म्हणजे नाव न घालता," डॉक्टरनं विचारलं.

"उष्ट्या चमच्याचं तेवढं लिहू नका. हुक्केरीवहिनींना तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मग ते खुर्चीत नीट बसले आणि त्यांनी तोंड उघडलं. "पुसा."

"नक्की?"

"ती माझ्या एकट्याच्या जिभेवर असती तर नसतं पुसू दिलं, खरं सांगतो. पण आता कळलं, तिचा मुक्काम सगळ्या गल्लीत आहे. आणि जीभ दाखवल्याशिवाय तिनं मला कधी घरात घेतलं नाही. पुसा आणि बघा खाली काय आहे ते."

जेल गार होतं आणि कडू. जीभ बधिर झाली. डॉक्टरनं साय काढली, उजेड लावला, आणि या वेळी "हं" केलं नाही. तिनं एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला.

उत्तर आलं ते ऋतुजानं आधी वाचलं, कारण ती नाशिकहून येऊन बसली होती. सुरुवात होती. वाईटाची पहिली पायरी. अजून आत उतरलेलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं तेवढी कड काढून टाकली, टाके घातले आणि म्हणाली, "आणखी वर्षभर थांबला असतात तर मी एवढी हसत बोलले नसते."

"बाबा, तुम्हाला कळतंय का," ऋतुजा परतताना रिक्षात म्हणाली, "नुसता डाग असता तर तुम्ही बघितलाच नसता. आईचं नाव ऐकलंत म्हणून बॅटरी घेऊन बघितलंत."

विलासरावांना बोलायची मनाई होती. त्यांनी नुसती मान हलवली. कधी नव्हे ते जिभेला हाड असल्यासारखं वाटत होतं.

*

जखम भरली. ऋतुजा नाशिकला गेली. जाताना आरशातून आईचं नाव काढू का, हे तिनं या वेळी विचारलं नाही.

विलासराव आरशासमोर उभे राहिले. जीभ बाहेर काढली. जांभळा उजेड पडला, जरा जास्त वेळ पडला.

"नवीन व्यक्ती दिसते," आरसा म्हणाला. "कृपया नाव सांगा."

त्यांनी उजवी कड दाखवली, डावी दाखवली. दोन्हीकडं तेच. उज्ज्वला नव्हतीच, पण विलासही नव्हता. दवाखान्यातलं सरकारी विरजण, सगळ्यांना तेच. त्यांनी नाव सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी वाटी घेऊन ते शेजारी गेले. हुक्केरीवहिनी देवापाशी दिवा लावून नुकत्याच बाहेर आल्या होत्या.

"वहिनी, विरजण द्या जरा. डॉक्टरीण म्हणाली, आता दही चालेल."

"दिवे लागले भाऊजी. आता विरजण देत नाहीत. सकाळी या."

"उष्टं चालतं आणि दिवेलागणीचं चालत नाही?"

"ते तिच्यात आणि माझ्यात होतं," वहिनी म्हणाल्या. "हे देवात आणि माझ्यात आहे. सकाळी या."

सकाळी त्यांनी विरजण आणलं. दूध तापवलं, निवायला ठेवलं. किती निवू द्यायचं ते माहीत नव्हतं. इंजिनाला हात लावून बघायचे तसं पातेल्याच्या अंगाला हात लावून बघितलं. मग वाटीतलं दही चमचाभर घेऊन चाखलं. गोड होतं. चमचा धुवायला ते नळाकडं वळले. नळ सोडलाही.

मग बंद केला. चमचा चाटला, वाटीत घातला, थोडं विरजण घेतलं आणि दुधात सोडून ढवळलं. झाकण ठेवलं. दाराकडं एकदा बघून घेतलं. कुणी नव्हतं.

हात धुवायला बेसिनपाशी आले तसा आरसा जागा झाला.

"नवीन व्यक्ती दिसते. कृपया नाव सांगा."

"थांब की जरा," विलासराव म्हणाले. "आत्ता कुठं लावलंय. दही लागू दे."